आरोग्य मनोऱ्याला एक मत

३ मार्च
संकल्प: फाउंडेशनच्या कामात आपली लुडबुड बंद. स्क्रूच्या कारखान्यात लोखंडाचा कीस झाडत सुरुवात केली, आज माझ्या पैशावर निम्म्या तैवानात दवाखाने, शाळा, पाण्याच्या टाक्या चालतात. आता विश्वस्तांनी बघावं. मी फक्त एक बारीकशी कल्पना मांडणार. आरोग्य मनोरा. वीस मजले, आकार स्क्रूचा, पीळदार. पुढच्या वर्षीची सगळी अनुदानं त्यात घातली की झालं. पंचवीसला बैठक. पंचांग पाहिलं, दिवस उत्तम.

६ मार्च
लुडबुड नाही. नुसता चहा. फँग मास्तर, निवृत्त मुख्याध्यापक, आमचे विश्वस्त. तीनदा कप भरला आणि तीनदा म्हणाले, "शेठ, तुमच्या डोक्याला तोड नाही." मग छताकडे बघत बसले. मनोऱ्याची उंची डोळ्यांपुढे आणत असणार.
संध्याकाळी डॉ. श्यू. "विचार करण्यासारखं आहे शेठ, फारच विचार करण्यासारखं!" दोन मतं खिशात.

९ मार्च
माझे कान अजून तिखट. मशीनचा आवाज ऐकून कुठल्या चाकाचा दाता झिजलाय ते सांगायचो. आज ऑफिसात भिंतीपलीकडून आमच्या संचालक ल्याओबाई फोनवर: "शेठना सांगायचं कुणी? तुम्ही सांगा. छे, मी नाही, तुम्हीच!" माझी सत्तरी जवळ आलीय. काहीतरी गुपचूप ठरतंय. ऐकलंच नाही असं दाखवलं.

१४ मार्च
डोंगरात, उमावकडे. बुनून जमातीची नर्स. आमच्या अनुदानावर दवाखान्याची व्हॅन गावोगाव फिरवते. अनुदान या महिनाअखेर संपतंय. मनोऱ्याचं तिच्या कानावर गेलेलं.
"शेठ, व्हॅन थांबली तर तालुमआजोबांच्या पायाचं ड्रेसिंग कोण करणार? साखरेपायी एक पाय कापला गेला. राहिलाय एकच."
म्हटलं, मनोऱ्याचा अकरावा मजला खास मधुमेहाचा.
"आणि आजोबा तिथवर यायचे कसे?"
म्हटलं, लिफ्ट आहे.
तिने माझ्या गाडीचं दार उघडून धरलं. मग म्हणाली, "उतरताना जपून हं शेठ, रस्ता वाईट आहे." माया आहे पोरीला. खाली येताना दोनदा गाडी थांबवायला लावली. तिच्याकडच्या राळ्याच्या दारूचा प्रताप.

२१ मार्च
ब्यी-शिआ चार दिवस घुम्यासारखी. बायको आहे, पण विश्वस्तही आहे. जेवताना विचारलं, मत कुठे?
"अहो, मत कधी सांगतात का?"
म्हटलं, आपल्याकडे हातच वर करायचे असतात, लपणार काय?
"हो ना. आणि हात वर करताना सगळ्यांचे डोळे तुमच्या तोंडाकडे."
वा! बरं सुचवलं. शेठच्या धाकाने मनोरा झाला, असं उद्या कुणी म्हणायला नको. यंदा बंद पेटीत चिठ्ठ्या. हिरवी मनोऱ्याला, पांढरी व्हॅन आणि बाकीच्या जुन्या कामांना. लगेच ल्याओबाईंना फोन केला. त्यांनी दोनदा वदवून घेतलं. मग, "शेठ... नक्की ना?" बाई भारावल्या.

२५ मार्च, सकाळ
डोळ्याला डोळा नाही. उत्साह. शर्टाचं बटण लागेना, तोही उत्साहच. ऑफिसबाहेर बाकावर उमाव बसलीय. डोंगरातून उजाडायच्या आत निघाली म्हणे. निकाल ऐकायचाय. बोटं सारखी चोळतेय. मनोऱ्यात हिला कुठेतरी चिकटवून घेऊ.

२५ मार्च, दुपार
चिठ्ठ्या नऊ. पांढऱ्या आठ.
हिरवी मीच टाकलेली.
डॉ. श्यू घड्याळ बघायला लागले, फँग मास्तर छत. मग ल्याओबाई बाहेर गेल्या आणि दारापलीकडून उमावचं रडणं ऐकू आलं. हसत होती मध्येच.
रंगात घोटाळा झाला असावा. त्या खोलीतले दिवे पिवळे आहेत.

२८ मार्च
फँग मास्तर मधाची बाटली घेऊन आले. दार लावून घेतलं. "काय माणसं असतात शेठ! कुणाला सांगू नका, ते एक मत माझं होतं."
चारच्या सुमारास डॉ. श्यू. त्यांनीही दार लावलं. ते एक मत त्यांचं होतं.
आजवर सात जण येऊन गेले. सातांचं मिळून तेच एक मत. मी प्रत्येकाचा हात दोन्ही हातांत घेतला. एवढा पाठिंबा असताना पडलो कसा, उमगत नाही.

३० मार्च
राहिली ब्यी-शिआ. ओट्याशी पेरू चिरत होती. म्हटलं, टाक सांगून, ते एक मत तुझं होतं ना?
"नाही. मी पांढरी टाकली."
सुरी चालूच.
म्हटलं, माझ्या तोंडावर सांगतेस? त्या दिवशी जेवताना विचारलं तेव्हा का नाही सांगितलंस?
"तेव्हा भीती वाटत होती. आता पेटी फोडून झाली," म्हणाली, आणि फोड पुढे केली.
पेरूला मीठ लावायचं राहिलं होतं. मागितलं नाही.