ओल्या नाड्याचं वजन

श्रीरामपूर, रविवार, २० फेब्रुवारी १९७२

आज सुमनच्या वहीत लाल फुली मारली, ती काही डोळ्यांपुढून जात नाही. आई गेल्यापासून पोरीची शाळा सुटली. घरीच शिकून मॅट्रिकची परीक्षा बाहेरून द्यायची म्हणते, आणि दर रविवारी मळ्यातून पदार्थविज्ञानाची वही घेऊन माझ्याकडे येते. गणित साधंच होतं. विहिरीतून भरली बादली दोराने वर ओढायला किती कार्य करावं लागेल? उत्तर पुस्तकाशी जुळेना, म्हणून मी रीत न वाचताच फुली ओढली.

ती हळूच म्हणाली, "गुरुजी, मी दोराचं वजनबी धरलंय. आमच्या मोटेचा नाडा भिजला की लई जड व्हतो. पर वर येताना आखूड व्हत जातो, म्हणून निम्मंच धरलं."

निम्मंच! अगदी अचूक. हे तिला कुणी शिकवलं? मी तर नाही.

"परीक्षेत दोर बिनवजनाचा धरायचा," एवढंच बोललो. बरोबरच बोललो ना? तिचे मार्क जायला नकोत.

पण तेव्हापासून तो ओला नाडा मनातून हलत नाही. लहानपणी दादा, माझे वडील, मोट हाकायचे. बैल धावेच्या उतारावरून उतरू लागले की मला नाड्यावर बसवायचे, चड्डी ओलीचिंब व्हायची. संध्याकाळी तोच नाडा खांद्यावर टाकून घरी आणायचे. त्यांच्या खांद्याला घट्टा पडला होता. रोज पाहायचो मी तो.

आणि तीस वर्षं वर्गात सांगत आलो, दोराला वजन नसतं.