चार कॉलम आणि दोन ओळी

सोमवार, ४ मार्च १९७४. सकाळी ७

तात्याबा हवालदारांचा काल संध्याकाळी त्यांच्या मळ्यात खून झाला. पुतण्या आकाराम जेवण घेऊन गेला तेव्हा इंजिनाच्या खोपीपुढं पडलेले दिसले. मानेवर कोयत्याचे घाव. दोन लढायांतून सुखरूप परत आलेला माणूस, रहिमतपूरपासून तीन मैलांवर असा जावा. फार वाईट झालं. मन सुन्न आहे.

बातमी मात्र आजच गेली पाहिजे. सांगलीच्या दैनिकाचा वार्ताहर म्हणून चार वर्षं राबतो आहे. आजवर छापून आलं काय, तर बैलबाजार, हळदीकुंकू आणि एसटीचं बदललेलं वेळापत्रक. एक संकल्प : फक्त सत्य लिहायचं. भडकपणा नाही.

दुपारी नगरपालिकेत माझ्याच टेबलावर मृत्यूची नोंद आली. मीच ती उतरवली. अक्षर तरी चांगलं आलं.

मंगळवार, ५ मार्च

फौजदार काही सांगत नाहीत. 'तपास चालू आहे' हे तर कुणीही सांगेल. गाव जास्त सांगतं. स्टँडजवळचा ज्ञानू सायकलवाला आणि तात्याबा यांचं शुक्रवारी ब्रेकवरून भांडण झालं होतं. ज्ञानू भर बाजारात म्हणाला होता, "म्हातारबा, एक दिस बगून घीन!" हे ऐकणारे निदान पन्नास भेटले. दुकानापुढं एवढी माणसं कशी मावली कोण जाणे.

सहाशे शब्द लिहिले. 'संशयाची सुई स्टँडजवळच्या एका सायकल दुकानदाराकडे वळते.' नाव दिलं नाही. संयम पाळला. स्टँडजवळ सायकलचं दुकान एकच आहे, त्याला मी काय करणार? पाकीट सांगलीच्या गाडीनं धाडलं.

गुरुवार, ७ मार्च

आली! पहिलं पान! चार कॉलम! 'रहिमतपुरात नराधमाचे थैमान.'

'नराधम' माझा नाही. 'थैमान'ही माझं नाही. संपादकांनी घातलं. ज्ञानूचं नावही त्यांनीच कुठूनसं मिळवून घातलं. शिवाय वर नुसतं 'आमच्या वार्ताहराकडून'. चार कॉलममध्ये माझ्या नावाला जागा नव्हती. याबद्दल कडक पत्र लिहायचं.

दुपारी लोकांनी ज्ञानूला दुकानातून ओढून मारलं. कुणाच्या तरी हातात अंक होता म्हणतात. पोलीस वेळेवर आले आणि त्याला घेऊन गेले. त्याच्या उजव्या हाताला बरंच लागलंय. लोकांनी कायदा हातात घेऊ नये, असं एक स्फुट लिहावं. पण आधी पुढची बातमी.

शुक्रवार, ८ मार्च. रात्री

अनसूयेनं जेवताना विचारलं, रविवारी संध्याकाळी तुम्ही कुठं होतात? म्हटलं, सायकल पंक्चर होती, ज्ञानूच्या दुकानात. म्हणाली, सव्वासहाला गेलात. सव्वासातला मी बोलवायला आले तर ज्ञानू चाक मांडीवर घेऊन बसलेला आणि तुम्ही त्याला वृत्तपत्रांचं कर्तव्य समजावून सांगताय. घरी आलात तेव्हा आठ वाजले होते. मग तीन मैलांवर जाऊन त्यानं खून केला कधी?

इंजिनवाल्या गड्यानं तात्याबांना साडेसहाला जिवंत पाहिलंय. आकाराम पोचला साडेसातला. हे सगळं मीच छापलंय.

बायकांना तपासातली गुंतागुंत कळत नाही. एक तर माझं घड्याळ मागं पडतं. दुसरं म्हणजे मी त्याच्याकडे पाहत नव्हतो, बोलत होतो. मुद्द्याचं बोलताना मी डोळे मिटतो. त्या वेळात माणूस कुठंही जाऊन येऊ शकतो.

जेवण गेलं नाही. वांगं तिखट होतं.

रविवार, १० मार्च

हंबीरराव तालुक्यातले वजनदार गृहस्थ. त्यांनी स्वतः बोलावणं धाडलं. त्यांच्या ओट्यावर 'नराधमाला फाशी द्या कृती समिती' स्थापन झाली. अध्यक्ष हंबीरराव, सरचिटणीस मी. हंबीरराव म्हणाले, "कोरट-बिरट कशाला रं? तारखा पडत्यात, साक्षीदार फुटत्यात. द्या आमच्या ताब्यात, एका दिसात निकाल!" टाळ्या पडल्या. आकाराम कोपऱ्यात बसून ढसाढसा रडत होता. चुलत्यावर फार जीव त्याचा.

'साक्षीदार' शब्द ऐकून मला ठसका लागला. लोकांनी पाणी दिलं.

ठरवलं : मोर्चा झाला की शांतपणे फौजदारांना भेटून पंक्चरचं सांगायचं. आधी सांगितलं तर मोर्च्यावर परिणाम होईल.

मंगळवार, १२ मार्च

मोर्चा. हजारभर माणूस. मी पाच हजार लिहिलं, कारण भावना तेवढ्या होत्या. मी बैलगाडीवर उभा राहून घोषणा दिल्या. "फाशी द्या!" म्हटलं की समोरून डोंगर कोसळल्यासारखा आवाज यायचा. जन्ममृत्यू नोंदणीच्या टेबलावर असा अनुभव येत नाही.

स्टँडजवळ गडबड झाली. ज्ञानूचं दुकान फोडलं. टायर पेटवले. मागं त्याची आई धोंडुबाई राहते, तिची भांडी, अंथरूण, सगळं रस्त्यावर. मी 'शांतता, शांतता' ओरडलो. पण कर्णा तोवर बंद पडला होता आणि गाडीचे बैल धुरानं बिथरले होते.

बातमी धाडली : 'किरकोळ प्रकार वगळता मोर्चा शांततेत.' घरी आलो तर धोंडुबाई आमच्या स्वयंपाकघरात. अनसूयेनं तिला आणून ठेवली होती. मला विचारलं नाही.

शुक्रवार, १५ मार्च

माझ्याच घरात मला बाहेरच्या खोलीत बसावं लागतं.

आज धोंडुबाई समोर येऊन उभी राहिली. म्हणाली, "आवं सायेब, तुमी हुतासा की तितं. पोरगं म्हंतंय, आये, कुनाच्या पाया पडू नगंस, सायेब सोता सांगत्याल." मी तिला समजावलं की वार्ताहर तटस्थ असतो. शिवाय योग्य वेळ यावी लागते. तिनं विचारलं, "म्हंजी कवा?" म्हटलं, योग्य वेळी. ती मान हलवून आत गेली. समजलं असावं.

अनसूया दिवसभर बोलली नाही. तेही एका अर्थी बरंच. लेख लिहून झाला : 'समाजाची सद्सद्विवेकबुद्धी कुठे गेली?' चांगला उतरलाय.

सोमवार, १८ मार्च

उद्या सकाळी नक्की पोलीस ठाण्यावर जायचं. निश्चय पक्का. सदरा इस्त्री करून ठेवला.

मंगळवार, १९ मार्च

गेलो नाही. ऑफिसात तपासणी निघाली. (उद्या आहे म्हणतात. पण तयारी आजच हवी.)

बुधवार, २० मार्च

गेलो! ठाण्याच्या पायरीपर्यंत. हंबीररावांची जीप दारात. आतून हंबीरराव म्हणाले, "या सरचिटनीस, काय काम काढलं?" म्हटलं, सहज, बातमीसाठी. फौजदारांनी चहा पाजला. मग विषय निघाला नाही. चहा पिऊन एकदम असा विषय काढणं बरं दिसत नाही.

घरी अनसूयेनं फक्त विचारलं, "सांगितलंत?" म्हटलं, वातावरण अनुकूल केलंय.

शनिवार, २३ मार्च

सकाळी उठलो तर घरात कुणी नाही. भाकरी झाकलेली. शेजारून कळलं, अनसूया आणि धोंडुबाई पहिल्या गाडीनं साताऱ्याला गेल्या. लग्नाला चौदा वर्षं झाली. माहेरी वाईला जायचं तरी मी सोबत लागायचो. आणि आज थेट साताऱ्याला, बड्या पोलीस अधिकाऱ्यापुढं!

संध्याकाळी परतली. म्हणाली, "मी पाहिलं ते सांगितलं. तुमचं नावही सांगितलं. साहेबांनी खुर्ची दिली बसायला." एवढं बोलून कणीक मळायला बसली. माझ्या सार्वजनिक स्थानाचा तिनं काडीचा विचार केला नाही.

सोमवार, २५ मार्च. सातारा

बोलावणं आलंच. अधिकारी तरुण, पण बोलणं तुटक. विचारलं, त्या वेळी ज्ञानू दुकानात होता? म्हटलं, होता असं म्हणता येईल. "येईल, की होता?" म्हटलं, होता. "इतके दिवस का सांगितलं नाही?" म्हटलं, मी डोळे मिटून बोलत होतो. त्यांनी लिहिता लिहिता हात थांबवला आणि माझ्याकडे पाहिलं. हे वाक्य जबाबात घेतलं नाही. सही केली.

खरं तर हे धाडसच आहे. जमावाच्या विरुद्ध जाऊन साक्ष. वार्ताहराचं धाडस म्हणून छापता येईल. गाडीतच मथळा सुचला.

सोमवार, १ एप्रिल

आकाराम! आकारामनं मारलं चुलत्याला! उसाच्या पाण्याच्या पाळीवरून. विहिरीतून कोयता निघाला, मग कबूल झाला. मोर्च्यात माझ्या गाडीच्या अगदी पुढं होता. "फाशी द्या!" सगळ्यांत मोठ्यानं तोच ओरडत होता. मी बातमीत त्याचं कौतुक केलं होतं.

संध्याकाळी हंबीररावांचा निरोप : समितीची सभा. मला वाटलं, दिलगिरीचा ठराव असेल. पण ठराव आकारामला फाशी देण्याचा. माणसं तीच. घोषणा तीच. फलक तोच, ज्ञानूच्या नावावर कागद चिकटवून आकाराम लिहिलेलं. ज्ञानूचं काय, म्हणून मी विचारलं. हंबीरराव म्हणाले, "त्याचं काय आता? सुटंल की." मग म्हणाले, "शुक्रवारी मोर्चा. तुमी गाडीवर."

पोटात कळ येते म्हणून उठून आलो. खरोखरच येत होती.

बुधवार, ३ एप्रिल

आकाराम चार कॉलम. नराधम, थैमान, सगळं आहे. माझा लेख 'वार्ताहराची धाडसी साक्ष' आला नाही. अनसूयेनं अंक वाचून विचारलं, "ज्ञानू निर्दोष आहे, हे कुठाय?" शोधलं. नव्हतं.

बुधवार, १० एप्रिल

ज्ञानू सुटला. मी स्टँडवर लांबून पाहिलं. दुकान म्हणजे जळकी चौकट. तो तिच्यापुढं बराच वेळ उभा होता. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत. पाना धरता येत नाही. गिऱ्हाईकं लांबून जातात. निर्दोष सुटला हे गावाला ऐकून ठाऊक आहे, पण नराधम हे त्यांनी वाचलंय.

त्याच्याशी बोलायचं ठरवलं होतं. तेवढ्यात गाडी आली आणि गर्दी झाली.

शनिवार, २० एप्रिल. सांगली

रजा टाकून स्वतः दैनिकाच्या कचेरीत. अनसूयेनंच धाडलं. डबाही दिला, बऱ्याच दिवसांनी. संपादकांना म्हटलं, खुलासा छापा, पहिल्या पानावर, चार कॉलम. ते हसले. म्हणाले, "अहो शरच्चंद्र, न झालेल्या खुनाची बातमी होते का?" मी म्हटलं, खून झालाय, यानं केला नाही. म्हणाले, "तेच ते."

मी उठलो नाही. टेबलापुढं दोन तास बसून राहिलो. शेवटी कंटाळून म्हणाले, जागा मिळाली तर बघू. आयुष्यात पहिल्यांदाच कुठंतरी ठाम बसलो. घाटावर जाऊन डबा खाल्ला. कृष्णेला पाणी कमी होतं.

रविवार, २८ एप्रिल

आला. पान चार. हळदीच्या भावाखाली. 'खुलासा : रहिमतपूर खून प्रकरणी ज्ञानू सायकलवाला यांचा संबंध नसल्याचे कळते.' दोन ओळी. 'कळते' कशाला घातलं?

सोमवार, २९ एप्रिल

ऑफिसला जाण्याआधी अंक घेऊन ज्ञानूच्या घरी गेलो. अनसूया येते म्हणाली. मी नको म्हटलं.

धोंडुबाई चुलीपुढं होती. ज्ञानू आत भिंतीकडे तोंड करून पडला होता. तिनं मला पाट दिला. म्हणाली, "मला कुटलं वाचाय येतंय? तुमीच वाचा."

वाचलं.

ती वाट पाहत राहिली. मग म्हणाली, "फुडं?"

म्हटलं, एवढंच आहे.

"एवडंच?" तिनं अंक हातात घेऊन मागंपुढं पाहिला. म्हणाली, "पयलं आलं तवा शेजारच्यानं दारात हुबं ऱ्हाऊन वाचलं हुतं. माजी समदी भाकरी थापून झाली, तरी वाचतच हुता." मग अंक परत माझ्या हातात दिला. "पुन्यांदा वाचा."

पुन्हा वाचलं. तिनं पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा वाचताना 'कळते' गाळलं.

आतून ज्ञानू म्हणाला, "आये, बास कर. सायबास्नी हापिसला उशीर हुईल."

उशीर झाला नाही. सगळं मिळून पाच मिनिटंही लागली नव्हती.