मांडावर रेघ नसते

आये,

रविवारी मी आपल्या वाड्यावरचा मांड मोजला. लांबी सात मीटर चाळीस. रुंदी तुळशीकडे सहा मीटर पाच सेंटिमीटर, फणसाकडे पाच मीटर नव्वद. तुला हे आकडे सांगून उपयोग नाही, तू तो बायकांनी मोजायचीस. ह्या अंगाला बारा, त्या अंगाला बारा, एकमेकींच्या पाठीमागून हात घातलेल्या, समोरासमोर. तेरावी आली तर तिनं काठाला बसून गायचं. पौषात ढालो खेळायला तेवढं अंगण पुरायचं, आणि उरलेलं वर्षभर त्याला कुणी हात लावायचं नाही, भात वाळत घालायलासुद्धा नाही. तुला जाऊन चौदा वर्षं झाली. तू वाचायला शिकली नव्हतीस, म्हणजे तू असतीस तरी हे पत्र दुसऱ्या कुणाला तरी तुला वाचून दाखवावं लागलं असतं, आणि हे मी कुणाकडून वाचून घेतलं नसतं.

मी आठ वर्षांची आहे. मयेच्या तळ्यावरचं धुकं चढण चढून वाड्यात आलेलं आहे, माणसं कमरेपासून वरच दिसतात, कोंबड्या दिसतच नाहीत, नुसत्या ऐकू येतात. तू ओणवी होऊन मांड सारवते आहेस. हात अर्ध्या वर्तुळात फिरतो, तू एक पाऊल मागे सरकतेस, पुन्हा अर्धं वर्तुळ. सगळा मांड माशाच्या खवल्यांसारखा होत जातो आणि तू पाठमोरी धुक्यात विरत जातेस. शेवटी फक्त सारवण्याचा आवाज उरतो. तुळशीकडचा कोपरा आधी वाळलाय. तिथे बसून मी कोळशानं ठिकरीचे चौकोन आखते आहे. पट्टी न लावता माझी रेघ सरळ यायची आणि त्याचा मला गर्व होता. दोन चौकोन झाले, तिसऱ्याची एक बाजू झाली, तेव्हा धुक्यातून तुझे पाय आले. तू ओरडली नाहीस. तुझ्या न ओरडण्याचीच मला भीती वाटायची.

"मांडार रेग मारतात काय गो? पूस ती. हातान पूस, पांयान न्हय."

मी पुसत राहिले. कोळसा जाईना, नुसता पसरत गेला. तू शेजारी बसून पाहत होतीस, आणि मग जरा मऊ आवाजात म्हणालीस, "रेग मारली काय हेवटेन एकलो जाता, तेवटेन दुसरो. मांड सगळ्यांचो." माझा तळवा दोन दिवस काळा होता. शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा मी सांगितलं, चूल पेटवत होते.

कंपासपेटी तू त्याच वर्षी आणलीस, डिचोलीच्या बाजारातून, पदराच्या गाठीत बांधून. त्यातलं काय कशाला लागतं हे दोघींनाही माहीत नव्हतं. तू कोनमापक जनेलाशी नेऊन उजेडात धरलास. तुझ्या गालावर त्याची पिवळट अर्धी सावली पडली, बारीक आकड्यांसकट. "हो चंद्र कोणें कापलो गो?" म्हणालीस, आणि कितीतरी वेळ तो डोळ्यांसमोर तसाच धरून तू बाहेर पाहत राहिलीस, तळ्याकडे, शेताकडे, मांडाकडे. मी मागत राहिले, तू देईनास. तो कोनमापक अजून माझ्याकडे आहे. नव्वद अंशाच्या खुणेपाशी त्याला चीर गेली आहे, तरी अर्धा अंशसुद्धा चुकत नाही.

पुढचं तुला माहीत नाही. तू गेल्यावर मामानं मला म्हापशाला नेलं. शाळेत घालताना त्यानं आडनाव जरा बदलून लावलं आणि मला म्हणाला, "विचारल्याबगर सांगू नको. विचारल्यार लेगीत सांगू नको." विचारलं तरीसुद्धा नाही. मामा वाईट नव्हता. त्याला स्वतःला लोकांनी कशी हाक मारलेली होती हे मी ऐकलं होतं. गावडा हा आपल्या लोकांचा शब्द माणसं जातीसारखा न वापरता शिवीसारखा कसा वापरू शकतात, ते मला लहानपणीच कळलं. मी आरेखनाचा कोर्स केला, पहिली आले, मोजणीच्या कचेरीत लागले. तिथे माझ्याबद्दल लोकांना तीन गोष्टी माहीत होत्या: अक्षर चांगलं, रेघ स्वच्छ, बोलणं कमी.

चार वर्षांपूर्वी तळ्याच्या वरच्या भागाची फेरमोजणी निघाली आणि आपल्या वाड्याचं शीट माझ्याकडे आलं. मोजणीचा दिवस मी ठरवला. सगळा वाडा कापणीला गेलेला असेल असा दिवस. माझ्याबरोबर मोजणीची साखळी धरायला बेळगावकडचा एक वयस्क माणूस होता, आपल्या तिकडे कधी न आलेला. तो मांडाच्या काठाशी येऊन थांबला. तिथे ना देऊळ, ना दगड, नुसती सारवलेली जमीन आणि एक तुळस.

"बाई, हे देवाचं काहीतरी दिसतंय की हो. वळसा घालून घेऊ काय?"

"सरळ घ्या. साखळीला वळसा चालत नाही."

त्यानं वहाणा काढल्या, काखेत धरल्या आणि साखळी घेऊन मांडावरून अनवाणी गेला. मी मात्र बूट न काढता बाहेरून, फणसाच्या मागून पलीकडे गेले. साखळीला जे चालत नव्हतं ते मला चाललं. पुढे कचेरीत ट्रेसिंगच्या कापडावर काम करताना वाड्यातली बत्तीस घरं, दोन विहिरी, गुरांची वाट, सगळं उतरलं. मांडाच्या जागी आल्यावर मी पेन उचललं आणि पलीकडे टेकवलं. घर नाही, पीक नाही, कुंपण नाही. आमच्या चिन्हांच्या तक्त्याप्रमाणे अशी जागा म्हणजे पड. नकाशात ज्याला रेघ नाही ते जमिनीवर असून नसतं. मला हे माहीत होतं. पण मांडावर रेघ नसते, हा तुझा शब्द. तुझ्या शब्दाखातर मी ती मारली नाही, असं मी स्वतःला सांगत आले.

आता आपलं वेगळं राज्य झालं. कचेरीच्या रबरी शिक्क्यातून "दमण आणि दीव" ब्लेडनं कापून काढलं, नवा शिक्का येईपर्यंत आम्ही तो अर्धाच उमटवत होतो. त्याच्या आधीची दोन-तीन वर्षं मराठी की कोंकणी ह्या भाषेच्या भांडणात गेली. भिंती दोन्ही बाजूंनी रंगल्या, जेवणाच्या सुट्टीत डबे वेगवेगळ्या मेजांवर उघडायला लागले. मी दोन्हीकडे बसत नव्हते, जनेलापाशी बसायची. आणि त्याच सुमारास आपल्या लोकांनी एक मागणं पुढे केलं, की आम्ही इथले मूळचे, आमची रीत वेगळी, आम्हाला जमात म्हणून ओळखा. कचेरीत कुणीतरी ती बातमी मोठ्यानं वाचली आणि कुणीतरी हसलं. मी पेनची नळी धूत होते. धूत राहिले.

गेल्या महिन्यात, ढाल्यात तुझ्या उजव्या हाताला उभी राहायची ती मावशी, शुक्रवारच्या बाजाराला आलेली, मामाचं घर शोधत आली. बसायला कदेल पुढे केलं तर त्यावर बसली नाही, खाली भिंतीला टेकून बसली. तिच्या खांद्यावरची साडीची गाठ अजून तशीच, बोराएवढी. आधी भाषेची गंमत सांगितली. ढाल्यांची गाणी उतरून घ्यायला दोघेजण वह्या घेऊन आले होते, वेगवेगळ्या दिवशी.

"एकलो म्हणटा ही कोंकणी, दुसरो म्हणटा ही मराठी. म्हळें, हे ढालो. तुमी दोगूय भायर रावात, मांडार दादल्यांनी येवपाचें न्हय."

मी हसले. तीही हसली आणि मग तिचा चेहरा उतरला. जमातीच्या मागणीसाठी एक अधिकारी वाड्यावर येऊन गेला होता. त्याच्या कागदावर विचारलेलं, ह्या लोकांची स्वतःची अशी काय रीत, काय जागा. बायकांनी त्याला मांडाच्या काठाशी नेलं. त्यानं नकाशा पसरला, बोट फिरवलं आणि म्हणाला, आजी, इथं पड जमीन आहे, नकाशात नाही ते मी कसं लिहू?

"म्हळें, पडीर कोण सारयता रे पुता? हासलो. पूण लिवूंक ना." ती दाराबाहेर पाहत होती. "आनी वयल्या रस्त्याक फाटो काडपाचो आसा म्हणटात. पडीतल्यान काडटले. पड कोणाची न्हय मगे."

मी विचारलं, नकाशा कोणी केला ते कळलं का.

"कोण तरी येवन मेजून गेल्लो. ताका दिसलोच ना आसतलो. तू शिकिल्लें चेडूं. तुका येता न्ही मेजपाक?"

तो, म्हणाली ती. त्या शीटच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या नावाची आद्याक्षरं आहेत, दोन मिलिमीटर उंचीची. मी म्हटलं, येतं.

तर रविवार. सकाळी लवकर गेले. धुकं होतं, तेच, कमरेपर्यंतचं. वाड्यातल्या बायका आधीच जमल्या होत्या. मी दुरुस्तीसाठी मांडाच्या चारी बाजू आखून घ्यायला दोरी काढली आणि मावशीनं नुसतं माझ्याकडे पाहिलं. दोरी मी परत पिशवीत टाकली. मग आम्ही उपाय काढला. बायकांनी खेळायला उभं राहतात तसं उभं राहायचं, आणि प्रत्येकीच्या अंगठ्यापाशी मी चुन्याची चिमूट ठेवायची. मावशीला विचारलं, हे चालेल?

"थेंबो चलता. रेग न्हय."

त्या अंगाला बारा उभ्या राहिल्या. ह्या अंगाला अकरा. मावशीच्या डाव्या हाताला एक जागा रिकामी ठेवून पलीकडची उभी होती, कुणी न सांगता, जसं तोंडातला पडलेला दात सोडून बाकीचे दात असतात.

"तुजे आवयची सुवात. राव थंय." मावशी त्या जागेकडे हात करून म्हणाली.

"मी उभी राहिले तर टेप कोण धरणार?"

"दादले कित्याक आसात? काठार रावून टेप धरूं दी."

बायका हसल्या, आणि काठावरच्या पुरुषांनी निमूट टेप धरली. मी बूट काढले. सारवलेली जमीन थंड होती, तळपायाला ओलसर, आणि मला वाटलं हा थंडपणा माझ्या ओळखीचा आहे, नावानिशी. दोन्ही बाजूंनी पाठीमागून हात आले. मावशी गुणगुणायला लागली, मग रांग एकदा पुढे वाकली, एकदा मागे आली, माझ्यासकट. समोरची रांग धुक्यात होती. वाकली की बायका नाहीशा व्हायच्या, उभी राहिली की परत यायच्या. लहानपणी मी ह्याच काठावर चटईवर झोपी जायची, आणि झोपेत ती गाणी पाण्याखालून ऐकल्यासारखी यायची. एकदा समोरची रांग वर आली तेव्हा मला बाराच्या जागी तेरा दिसल्या. मी मोजणाऱ्या खात्यातली आहे, मी पुन्हा मोजलं. बाराच होत्या. पण परत मोजेपर्यंतचा जो वेळ गेला, तो मी कुठल्याही वहीत लिहिलेला नाही, फक्त इथे.

सोमवारी मी शीटवर चोवीस ठिपके टाकले. तुळशीपासून रविवारी घेतलेल्या अंतरांप्रमाणे, प्रत्येक ठिपका आपल्या जागी. ठिपके जोडले नाहीत. मध्ये बारीक अक्षरात लिहिलं, मांड. तुझी जागा सात क्रमांकाची. आमचे कोल्हापूरकडचे मुख्य आरेखक चष्मा कपाळावर सरकवून शीटवर वाकले.

"हे काय बाई, रांगोळी काढलीय होय? तक्त्यात असलं चिन्ह कुठाय?"

"तक्त्यात शेवटची ओळ रिकामी आहे. तिथे घालू."

"आणि मांड म्हणजे? कुणाचा?"

"आमचा."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. खोलीतली आणखी दोन पेनं थांबली. ते ठिपक्यांवरून बोट फिरवत गेले, वाटलं मोजताहेत, आणि मग इतरांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाले, "मग तवा का बोलला न्हाईसा?"

मी दुरुस्तीचा अर्ज पुढे ओढला. त्यातही तेच विचारतात: आधीच्या नोंदीत चूक होण्याचे कारण. मी लिहिलं, जागेवर हद्दीची खूण नसल्यामुळे. त्या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. खाली सही केली, पूर्ण नावाची, तू लावायचीस त्या आडनावासकट, आणि कागद वर गेला. आपल्या लोकांना ओळखतील की नाही मला सांगता येत नाही, ह्याला वर्षं लागतील असं म्हणतात. फाटा मात्र आता त्या चोवीस ठिपक्यांवरून काढायचा तर कुणाला तरी ते खोडावे लागतील, आणि खोडणाऱ्याला आद्याक्षरं घालावी लागतात.

हे पत्र अर्जाला जोडणार नाही. घडी करून कंपासपेटीत ठेवते, तुझ्या कापलेल्या चंद्राखाली. मघाशी लिहिलं ना, तुझ्या शब्दाखातर मी रेघ मारली नाही. तसं नाही, आये. चार वर्षांपूर्वी ट्रेसिंग चालू असताना ह्याच मुख्य आरेखकांनी मागे उभं राहून सहज विचारलं होतं, "ह्या वाड्यात कोण आहे काय ओळखीचं तुमच्या?" मी पेन पुसत म्हटलं, "नाही." तेव्हा तू मला आठवली नव्हतीस. कोळसा, माझा काळा तळवा, तुझं ते वाक्य, ह्यातलं काहीच नाही. ते सगळं मावशी येऊन गेल्यावर आठवलं, मला कारण हवं होतं तेव्हा.