पिसांचा डायनासोर

वडवणी, १७ जानेवारी, दिवेलागण

आज शाळेच्या गॅदरिंगमध्ये माझ्या नातीचं, राणीचं, हसं झालं. ते माझ्यामुळेच. फॅन्सी ड्रेसमध्ये तिला डायनासोर व्हायचं होतं. मी जन्मभर शिंपीकाम केलेला माणूस, पण वाचनालयातलं पुस्तक दोनदा वाचून काढलं. कितीतरी लहान शिकारी डायनासोरांना पिसं होती, असं त्यात चित्रासकट दिलंय. डायनासोर अन् कोंबडी एकाच कुळातले, हे परसातल्या कोंबडीचा पाय बघितला तरी पटतं. म्हणून महिनाभर पिसं वेचली, धुतली अन् झग्यावर एकेक टाचली. करायला गेलो गणपती, झाला मारुती.

ती स्टेजवर आली तशी गुरुजी माईकवर म्हणाले, "ही बघा, खुडूक कोंबडी आली!" सगळा मांडव हसला. मागची पोरं आरवायला लागली. सिनेमात डायनासोर हिरवा, खवल्यांचा, डरकाळ्या फोडणारा असतो ना, मग तोच खरा. पुस्तक कोण उघडतंय?

घरी म्हणालो, "बाळा, पिसं खरी हायेत गं. थांब, पुस्तक दाखवतो."

"कशापायी दाखवता? सर लई शिकलेले हायेत. तुमी कितवी शिकलाव, आबा?"

चौथी. चुकलो असतो तर एवढं लागलं नसतं.

मग ती पिसं उपटायला बसली. टाके पक्के होते, तिच्या बोटांना निघेनात, रडकुंडीला आली. शेवटी कात्री घेऊन मीच तिच्याजवळ बसलो आणि एकेक पीस उसवून दिलं.