आवाज न करणारी पेटी

१२ नोव्हेंबर २०१८, सोमवार

परत आलं! "पार्श्वभूमीला घूं असा आवाज आहे, कृपया पुन्हा पाठवावे." कृपया म्हणे. मुंबईच्या संस्थेचं काय जातंय कृपया लिहायला! नाचात फुंकतात ते दुधीचे तारपे – आठ तारपे, आठ व्हिडिओ, फेब्रुवारीअखेर द्यायचे – आणि पहिलाच नापास.

घूं कुठून येतो ते मला ठाऊक आहे. माझ्याच कॉम्प्युटरमधून. व्हिडिओचं काम टाकलं की त्याचा पंखा असा सुटतो की आय पडवीतून ओरडते, "गिरण बंद कर गं!" माईक त्याच खोलीत. दुसरी खोली आणू कुठून? घर तीन जणांचं – मी, नवरा उमेश आणि त्याची आई, आय. मधल्या खोलीत आयची खाट, आतल्या खोलीत माझं काम, बाकी सगळं पडवीत.

काल जमीन हलली म्हणतात. मला वाटलं हायवेवरचा कंटेनर असेल. तलासरीच्या या वेवजीत बसून कंटेनरची सवय झालीये.

१५ नोव्हेंबर

आज अक्कल लढवली आणि तोंडावर आपटले. सॉफ्टवेअरला सांगितलं, हा घूं ओळख आणि पुसून टाक. पुसला. इतकं स्वच्छ झालं की मी खुर्चीत नाचले.

मग तुक्याकाकाला बोलावलं. तारपा त्याचाच. हेडफोन लावून ऐकलं, डोळे मिटले, उघडले. म्हणाला, "हा कोण वाजवतो?"

"तूच की, काका."

"मी नाय. हा तारपा उपाशी हाय."

परत ऐकलं तेव्हा कळलं. तारप्याच्या खाली तो जो सतत घुमणारा सूर असतो ना – काका श्वास न तोडता धरून ठेवतो तो – सॉफ्टवेअरने तोही पंख्याचा समजून खाल्ला! वरची चाल उरली, पोट गेलं. आणि मी, याच पाड्यात तारप्यावर नाचून मोठी झालेली, मला ते कळलं नाही. लाज वाटली. खरंच वाटली.

म्हणजे पुसून चालणार नाही. आवाज मुळात यायलाच नको. नवा कॉम्प्युटर लागणार. शांत. आणि ताकदवान.

२५ नोव्हेंबर, रविवार

हा कंटेनर नव्हता. काल दुपारी भांडी मांडणीवरून खाली आली. आधी जमिनीतून आवाज – पोकळ, कुणीतरी खाली मोठं दार लोटल्यासारखा – आणि मग हललं. सगळा पाडा अंगणात. जानी, शेजारची, केस अर्धे विंचरलेले, हातात फणी.

आयला बाहेर काढायला मला आणि उमेशला दोघांना लागलं. विहिरीवर पाय घसरून खुबा मोडला तेव्हापासून ती काठीवर. बाहेर आल्यावर पहिलं वाक्य – "माझा तपकिरीचा डबा राहिला." उमेश हसला. मला हसू येईना.

आता सगळे अंगणात ताडपत्रीखाली झोपतात. आयला थंडीने पाय ठणकतो, म्हणून दिवसा ती आत खाटेवर पडते. पडू दे की नको? मला कळत नाही.

२६ नोव्हेंबर

दिवसभरात तीन. छोटे. मोजणं बंद करायला हवं.

३ डिसेंबर

भांडण. उमेश उंबरगावच्या कंपनीतून आला तो ठरवूनच – "लॅपटॉप घे. हललं की काखेत मारून पळता येतं." सगळा पाडा हेच सांगतो. काल जानीसुद्धा म्हणाली, जिने आयुष्यात लॅपटॉप उघडला नाही!

मी किती सांगितलं. लॅपटॉपचा पंखा नखाएवढा. व्हिडिओ बाहेर काढायला लावला की किंचाळतो. शांत हवा तर पंखा मोठा हवा, हळू फिरणारा. पंखा मोठा तर डबा मोठा. डबा मोठा तर तो टेबलावर एका जागी बसणार.

"एका जागी," उमेश म्हणाला, "आणि जागाच हलतेय, संगीता."

मी भांडी घासायला गेले.

खरं सांगू? या वहीलाच सांगते. मला जड असलेलाच हवा आहे. जड वस्तू घेतली म्हणजे आपण इथून जात नाही. उमेशच्या मनात वापीला खोली घ्यायचं चाललंय. तिथे खोलीत माईक लावला तर खाली रिक्षा, वर मिक्सर. माझं काम संपलं.

९ डिसेंबर, रविवार

वापी. दीपेशभाईंचं दुकान. माणूस चांगला, पण प्रश्न ऐकण्याआधी उत्तर देतो. मी म्हटलं शांत पाहिजे. त्यांनी लाल-निळे दिवे लागणारा डबा दाखवला, मुलं गेम खेळतात तो. मी म्हटलं, दिवे नकोत, शांत पाहिजे. तेव्हा कुठे चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं.

"बेन, अवाज ओछो जोईए तो डब्बो मोटो लेवो पडे."

"आवाज कमी तर डबा मोठा – तेच मी घरी सांगतेय!"

मग दोन तास बसलो. प्रोसेसर सहा कोरचा. रॅम बत्तीस – कमीत व्हिडिओ अडकतो. प्रोसेसरवर धातूच्या जाळीचा केवढा तरी ठोकळा आणि त्यावर रुंद पंखा. पाण्याने थंड करणारा नको, त्याचा पंप कुरकुरतो. ग्राफिक कार्ड असं, की काम नसेल तर त्याचा पंखा थांबतोच. डब्याच्या आतून फोमचं अस्तर. फिरणारी हार्डडिस्क नको – ती गुणगुणते, शिवाय हलली की मेली. सगळं एसएसडीवर.

"हलेगी क्यूं?" त्यांनी विचारलं. मग स्वतःच – "अरे हा. आप लोग तलासरीवाले." आणि एकदम हळू बोलायला लागले, आजाऱ्याशी बोलतात तसं. राग आला.

पैशाचं दुसऱ्या वहीत. इथे नाही. इथे फक्त भीती.

११ डिसेंबर

भीती एक – फोमचं अस्तर आवाज दाबतं, तशी उष्णताही कोंडतं. एप्रिलमध्ये आमचे पत्रे तापले की डब्यात काय होईल? भीती दोन – युपीएस. तोच घूं करायला लागला तर? तो पडवीत ठेवायचा, वायर भिंतीतून. भीती तीन – धूळ. भीती चार – पाल. जुन्यात निघाली होती, भाजलेली.

फोन करून दीपेशभाईंना विचारलं. पुढे दोन मोठे पंखे, मागे एक, तिन्ही हळू, समोर जाळी. "शांत पण थंड, बेन. तमे बहु विचारो छो."

विचार करते. दुसरं कोण करणार?

१४ डिसेंबर

उमेशने मान्य केलं. पण एक अट घातली. तो दिवसा कंपनीत. घरी मी आणि आय. हललं तर – दुसरं काही नाही, कपाट नाही, कागद नाही, कॉम्प्युटर तर नाहीच – आधी आयला धरायचं. माझ्याकडून वदवून घेतलं. "आधी आय." मी म्हटलं. वहीतही लिहिते. आधी आय.

संध्याकाळी तालीम केली. माझ्या खुर्चीवरून उठायचं, मधल्या खोलीत आयच्या खाटेपाशी, तिचा हात माझ्या मानेवर, पडवी, अंगण. मोजत गेले – चौदा सेकंद. उमेश म्हणाला जास्त आहे. परत केलं. बारा. तिसऱ्या वेळेला आयने काठी उगारली – "मेल्यांनो, भूकंपाने नाय मरायची, तुमच्या तालमीने मरेन!"

२२ डिसेंबर, शनिवार

आला!! टमटममधून. उमेश आणि टमटमवाला, दोघांनी उतरवला, आणि दोघेही वाकले. काळा, साधा, दिवा एकच. उमेशने नारळ फोडला. आयने कुंकू लावलं आणि वर म्हणाली, "माझ्या लेकाला सवत आणलीस." पाडाभर हशा.

पाच वायरी. लावल्या. चालू केला. वाटलं चालूच झाला नाही. हात लावून पाहिला – किंचित थरथर. चालू होता!

२३ डिसेंबर

एवढी शांतता मी या खोलीत कधी ऐकली नव्हती. आयच्या घोरण्याचा आवाज, मधल्या खोलीतून. पत्र्यावर चालणारा कावळा. माझं गिळणं. थोडा वेळ रडले, का ते विचारू नये.

तुक्याकाका दुपारी आला. वाजवलं. त्याने ऐकलं. "हां. आता जेवला."

६ जानेवारी २०१९

एक नवीनच. परवा माईक चालू होता, हेडफोन कानावर. खालून तो पोकळ आवाज आला – पण बाहेर कुणी अजून काही ऐकलं नव्हतं. एक, दोन, मग हललं. पडद्यावर पाहिलं तर आवाजाची रेघ आधीच फुगलेली. जुन्या पंख्यात हे कधीच कळलं नसतं.

उमेशला दाखवलं. "दोन सेकंद? दोन सेकंदात काय होतं?"

मी म्हटलं, बारातले दोन वाचले. त्या रात्रीपासून त्याने लॅपटॉपचं नाव काढलं नाही.

आता पाड्यातली माणसं जाता-येता खिडकीतून विचारतात, "संगीता, येतोय का?" जसं काही मी बोलावते.

१९ जानेवारी

तीन पाठवले. तिन्ही पास! "आवाज अत्यंत स्पष्ट." अत्यंत! कृपया नाही, अत्यंत. आयला वाचून दाखवलं. म्हणाली, "मग आता चहात साखर घाल."

ती दुपारी माझ्या दाराशी खाट ओढायला लावते हल्ली. पडद्याकडे बघत पडते. कुणाचा पाय चुकला ते सांगते – "ती गंगी बघ, रिंगणात उलटी फिरते." बरोबर असतं तिचं. मी विचारलं, पेटी आवडली का? "आवाज करत नाय, एवढं बरं हाय. सुनेनं शिकावं." टोमणा! पण लाडात होती.

२८ जानेवारी

झोप नाही. पाच राहिलेत. चौथा तयार, पाचवा अर्धा. सगळं त्या एका डब्यात आहे. दुसरी प्रत ठेवायला हवी, मोठी डिस्क वापीहून आणायला हवी, येत्या रविवारी जाते. त्याआधी काही झालं तर? टेबल भिंतीला लागून. भिंतीला बोटभर भेग. टेबल सरकवलं. मग वाटलं आता ते पत्र्याच्या वाशाखाली येतंय. परत सरकवलं.

आय म्हणाली, "किती हलवशील? जमीन हलवते तेवढं पुरे नाय?"

स्वप्नात सारखं तेच. डब्यावर भिंत. उठून जाऊन हात लावून आले. शांत होता.

आजवर एकदाही स्वप्नात आय आली नाही. हे लिहायला नको होतं. राहू दे.

१ फेब्रुवारी, शुक्रवार

दुपारी. मोठा. आजवरचा सगळ्यात. माझ्या खोलीची भिंत अर्धी आत आली. आय बाहेर आहे, कोपर खरचटलंय, बाकी ठीक. मी ठीक. पेटी ठीक. उमेश कंपनीतून धावत आला. जास्त लिहीत नाही.

२ फेब्रुवारी

आयने माझ्या हातचा चहा घेतला. साखर कमी म्हणाली, नेहमीसारखं.

मी तिच्याकडे न बघता कप धुतला.

४ फेब्रुवारी, सोमवार

ताडपत्रीखाली जेवायला बसलो होतो. जानीने उमेशसमोर विषय काढलाच. "मी आत धावले म्हणून आय निघाली. तुझी बायको पेटी घेऊन अंगणात उभी होती. एकटीनं उचललेली!"

उमेशने माझ्याकडे पाहिलं. घास हातातच.

मी तोंड उघडायच्या आत आय बोलली. "मीच सांगितलं तिला. आधी ती पेटी काढ, मी येते काठी टेकत. तुला काय ठावं जाने, तू मागून आलीस." आणि भाकरी मागितली. उमेश जेवायला लागला.

ती असं काही म्हणाली नव्हती. मी वायरी काढत होते. पाचही, एकेक करून. मग तिच्या खाटेला वळसा घालून बाहेर गेले. तेवढा सगळा वेळ ती मला हाका मारत होती. हेडफोन गळ्यात होते. मी सगळ्या ऐकल्या.