पूर्वीचे आजार : नाही

३ जून
आज हॉस्पिटलच्या रेकॉर्ड रूममध्ये रुजू झाले. खोलीला खिडकी एकच, पण टेबल माझं स्वतःचं! वरिष्ठ म्हणजे टक्कल पडलेले, गप्पिष्ट गृहस्थ. सगळे त्यांना अण्णा म्हणतात. त्यांनी भरायला फॉर्म दिला. ‘पूर्वीचे आजार’ पुढे मी बेधडक ‘नाही’ लिहिलं. आठ महिन्यांपूर्वीचा हार्ट अटॅक लिहिला असता, तर आधीच्या दोन ठिकाणांसारख्या इथेही वाटाण्याच्या अक्षता. आईचं सगळं माझ्यावरच आहे.

९ जून
फायली लावता लावता वाचत बसते, खोड जुनीच. आज एका बाईंची फाइल हाती लागली. रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, मला दिलं होतं तेच, त्यांना वर्षभरात दुसऱ्यांदा दिलं गेलं. पंधरा मिनिटांत अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, घसा आवळला. पुढची पानं कोरी.

माझ्या डॉक्टरांनी बजावलं होतं, शरीर हे औषध लक्षात ठेवतं, पुन्हा वेळ आली तर आधी सांगा. मी मान डोलावली होती.

१४ जून
झोप उडालीय. अण्णांना सहज विचारलं, तातडीच्या वेळी पेशंटला विचारत नाहीत का? हसून म्हणाले, घाबरलेला माणूस वाटेल ते बरळतो, आपण कागद बघायचा. माझा कागद त्यांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात. मागायची तर कारण सांगावं लागेल. उद्या सांगते.

१६ जून
सांगितलं नाही. जिन्यात धाप लागली. पित्त असेल.

१७ जून, सकाळी अकरा
टेबलावरच छातीत कळ आली. उचलून वॉर्डात आणलं. सिस्टरनी विचारलं, आधी कधी असं झालंय? अण्णा शेजारीच उभे. मी ‘नाही’ म्हणाले. का म्हणाले मी? सलाइन चालू झालंय.

अकरा दहा
बाटलीवरचं नाव वाचलं. तेच. तळहात खाजतायत. सिस्टरना सांगितलं, मला हे आधी दिलंय. त्यांनी अण्णांनी कपाटातून आणून दिलेला माझा फॉर्म दाखवला. म्हणाल्या, तुम्हीच ‘नाही’ लिहिलंय ना ताई, डॉक्टर आले की विचारते.

अकरा चौदा
जीभ तोंडात मावत नाही — बोलायला गेले तर नुसती घरघर. सिस्टर डॉक्टरांना बोलवायला गेल्यात. अण्णा पाय चोळतायत, रडतायत. लिहून दाखवते —

खोटं लिहिलं होतं. सुई काढा.

अण्णांचा चष्मा टेबलावरच राहिलाय, वाचता येत नाही. म्हणतात, नंतर लिहा, आता पडून राहा — वही ओढतायत — सोडत नाही मी — सुई का