परत पाठवलेलं कटलेट

तेल्हारा, १२ जानेवारी १९६४

माझ्या लेकीला, मालतीला, शाळेत नोकरी लागली, म्हणून तिनं आज मला अकोल्यात नेलं. सगळे ज्याचं नाव घेतात त्या नव्या हॉटेलात. कटलेट मागवलं. वरून करपलेलं, आतून कच्चं. मी निमूट खात होतो. आम्हाला चहासुद्धा बाहेर उभं राहून, वेगळ्या कपात मिळायचा. तिथं चवीचं कोण बोलणार?

मालतीनं वेटरला बोलावलं. "हे कच्चं आहे. दुसरं आणा."

मी बशी जवळ ओढली. "राहू दे न बाई, खाऊन घेतो मी."

"काहून खाता, बाबा? पोट दुखलं म्हंजे?"

वाटलं, आता मालक उठेल, जात विचारील. पण वेटर "माफ करा, बाई" म्हणाला आणि माझ्यापुढची बशी उचलून घेऊन गेला. माझी उष्टी बशी. स्वतःच्या हातानं. 

दुसरं कटलेटही तसंच निघालं. मालती हसली. "आता सांगा, बाबा, काय करता?"

आणि मी वेटरला हाक मारली. "अहो, हेबी कच्चंच हाय."

मघाशी घरी बुद्धवंदनेला बसलो, पण मन लागेना. एवढ्या लोकांत, बसल्या जागेवरून, मी बोललो? मीच?